शेवटच्या भागावरचं नाव

अक्का, तुझ्या तेराव्याला मी अर्धवट जेवले आणि कुणाशी न बोलता तडक घरी आले. थांबले असते तर तुझ्या भाच्याशी माझं भांडण झालं असतं. त्याने पेपरात दिलेली जाहिरात पानावर बसताना कुणीतरी माझ्या हातात दिली. तुझा केसात मोगरा माळलेला फोटो, आणि खाली ‘अंबुजा बाई, निवृत्त नृत्यशिक्षिका’. बस्स, एवढंच.

नृत्यशिक्षिका होतीस, नाही म्हणत नाही. चेन्नईत अशोक नगरच्या तुझ्या गच्चीवर रविवारी कॉलनीतल्या मुली यायच्या आणि त्यांच्या आयांना वाटायचं, म्हाताऱ्या बाईला तेवढाच विरंगुळा. पण त्याआधीचं काय? कोडंबाक्कमच्या सिनेमा स्टुडिओंत तू मागच्या रांगेत नाचलीस. मग हिरोची बहीण झालीस आणि दरवेळी मध्यंतराच्या आत मेलीस. मग डान्स मास्टरची सहायक, मग स्वतः मास्टर, आणि केस पांढरे झाल्यावर टीव्हीवरच्या मालिकेची दिग्दर्शक. सगळं गाव रोज संध्याकाळी जी मालिका बघायचं, त्या मालिकेची. त्यातलं एक अक्षर त्या चौकटीत नव्हतं. पान अर्धं टाकून उठले मी.

त्याच्या दोन दिवस आधी वडपळनीला शोकसभा झाली होती, तिथेच माझं डोकं फिरलेलं होतं. प्रिव्ह्यू थिएटर घेतलं होतं, तुझ्या फोटोला हार होता, आणि मागे हे मोठं अक्षर, ‘अम्मा’. जो उठेल तो तेच. अम्मा आम्हाला आईसारखी होती, अम्माने आम्हाला भरवलं, अम्माने कधी आवाज चढवला नाही. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे कुठल्या बाईबद्दल बोलतायत? तुझा आवाज तळमजल्यावरच्या मेकअपच्या खोलीत ऐकू यायचा. घागर उचलताना नायिकेची कंबर आधी हलते, घागर जड वाटत नाही, म्हणून जेवणाची सुट्टी होईपर्यंत तू तिला भरलेली घागर उचलायला लावलीस. ती रडली तर म्हणालीस, आता रडलीस ते बर झाल, हेच डोळे ठेव. हे सगळे त्या सेटवर होते. बाईने हुकूम सोडलेले त्यांना पचत नव्हते, म्हणून मेल्यावर तुला आई करून टाकलं. तू कुणाची आई नव्हतीस, आणि व्हायचंही नव्हतं तुला.

मग निवेदिकेने पुकारलं, ‘या मालिकेचे दिग्दर्शक शेखर’. शेखर, तुझा सहायक. तुझ्या खुर्चीमागे उभा राहून तुझा चष्मा सांभाळणारा शेखर. तो माइकपाशी गेला, रडला, आणि तमिळमध्ये म्हणाला, अम्मांशिवाय मी ही मालिका करूच शकलो नसतो. करूच शकलो नसतो म्हणे. म्हणजे केली त्याने, आणि तू आपली हाताशी होतीस. एकानेही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. अर्ध्या लोकांना माहीत होतं आणि ते मूग गिळून बसले होते. उरलेल्या अर्ध्यांना खरोखरच माहीत नव्हतं, कारण चॅनलच्या ॲपवर पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत दिग्दर्शक म्हणून त्याचंच नाव येतं.

आणि ते तुझ्यामुळे येतं. हो, तुझ्यामुळे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुझ्यावर नाही तर कुणावर चिडू?

मी सांगलीहून चेन्नईला आले ती नवऱ्याच्या नोकरीपायी. तो पहाटे कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरला जायचा, आणि मी पुण्यात शिकलेलं एडिटिंग घेऊन घरात माशा मारत बसले होते. पोस्ट प्रॉडक्शनच्या त्या ऑफिसात मला घेतलं, कारण पगार कमी चालत होता. तमिळ मला ‘तण्णी’ म्हणजे पाणी, याच्या पुढे येत नव्हतं. भाषा न येणारी एडिटर कुणालाच नको होती. एक दिवस तू तुझ्या मालिकेचं काम घेऊन माझ्या मागे येऊन बसलीस, माझं मोबाइलवरचं आईशी चाललेलं बोलणं ऐकलंस, आणि एकदम मराठीत म्हणालीस, “कोणत्या गावची ग तू?” मी दचकलेच. तुझी मराठी म्हणजे तंजावरच्या तुमच्या मराठी घरांमधली, जुनी, तमिळच्या चालीवर चालणारी. मी ‘तुम्ही’ म्हणून बोलायला लागले तर म्हणालीस, “तुम्ही म्हणाया मी काय तुजी सासू आहे? अक्का म्हण. तू म्हण.”

भाषा येत नाही तेच बर, असंही तूच म्हणालीस. संवाद कळत नसल्याने मी माणसं काय करतायत तेवढंच बघते, आणि तुला तेच हवं होतं. आयुष्यभर तू नायिकांना पायऱ्या उतरायला, वळायला, पदर खोचायला शिकवलंस, आणि मालिकेतही तू तेच केलंस. सासू-सुनेच्या भांडणात कोण किती पावलं पुढे येतं, ते तू आधी ठरवायचीस. वाक्यं नंतर. लेखक वैतागायचा. तू त्याला म्हणायचीस, तुज वाक्य चांगलच आहे, पण ती दारापर्यंत पोचल्यावर बोलेल. आणि बाई दारापर्यंत पोचली की ते वाक्य खरंच लागायचं.

त्या मालिकेतली आपली नायिका अलमेलू पहिल्या भागापासून सगळ्यांना कॉफी देते. सासऱ्याला, दिराला, नवऱ्याला, नवऱ्याच्या त्या दुसरीला सुद्धा. डबऱ्याच्या वाटीतून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात, फेस आणून. स्वतः कधी पीत नाही. हे मला कापता कापता कधी लक्षात आलं नव्हतं. तू शेवटच्या भागाचं शूट करून आलीस आणि मला तो शॉट दाखवलास तेव्हा कळलं. अलमेलू घर सोडून भाड्याच्या खोलीत आली आहे. ती एकटीपुरती कॉफी करते, खिडकीपाशी बसते आणि पिते. संपेपर्यंत पिते. संवाद नाही, संगीत नाही, एक शॉट, आणि मालिका संपली.

मी म्हटलं, अक्का, फार लांब आहे. निम्म्यावर कापूया, कळतं सगळं. तू म्हणालीस, “कॉफी प्यायाला जितका वेळ लागतो तितका लागतोच ग. इतकी वर्स ती अस्क्यांना, सगळ्या घराला पाजली, तिला एक पेला पुरा पिऊ दे.” मी म्हटलं, प्रेक्षक चॅनल बदलतील. तू म्हणालीस, बदलू देत. आपण दुपारभर त्यावर भांडलो, आणि शॉट कापायचा की नाही हे काही ठरलं नाही.

ठरवायची वेळ आली नाही. चॅनलवाल्यांनी पाहिलं आणि म्हणाले, यात घडतं काय? नवरा परत यायला पाहिजे, तिने त्याच्या पाया पडायला पाहिजे, सगळ्यांचा एक फोटो पाहिजे. तू नाही म्हणालीस. त्यांनी शेखरला सांगितलं आणि शेखरने अर्ध्या दिवसात नवरा परत आणला. मला तुझा शॉट काढून तो सीन लावायला सांगितलं, मी लावला. तो बघून तू शांतपणे म्हणालीस, “जे मी केल नाही त्यावर माज नाव नको. सरि, संपल.” शेवटच्या भागावर तू आपल्या नावावर पाणी सोडलंस आणि तिथे शेखरचं आलं. एका भागापुरतं. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, हे आता सांगते.

पुढे कित्येक वर्षांनी चॅनलने ती मालिका ॲपवर चढवली. जुन्या टायटलमध्ये बंद पडलेल्या साबणाच्या आणि मसाल्याच्या जाहिराती होत्या, म्हणून सगळी टायटलं काढून टाकली आणि एका भागाचं स्वच्छ टायटल घेऊन सगळ्या भागांना चिकटवलं. जे पहिलं हाताला लागलं ते. हाताला लागला शेवटचा भाग. यात कुणाचा डाव नव्हता, नुसता आळस होता. पण त्या आळसात तू पुसली गेलीस.

मी फोन घेऊन तुझ्या घरी धावत आले आणि तुला दाखवलं. तू चष्मा लावून पाहिलंस आणि हसलीस. “शेखरच नशीब,” म्हणालीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथूनच चॅनलला फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, नाव बदलू की, पण टायटल सगळ्या भागांना एकच जाईल, ॲपची रीतच तशी आहे. मॅडमचं घातलं तर शेवटच्या भागावरही मॅडमचंच येईल. मी म्हटलं, चालेल. तू मागून म्हणालीस, चालणार नाही.

काय भांडलो आपण त्या दिवशी. मी म्हटलं, बाकीचे काय काय भंगार आपल्या नावावर बिनदिक्कत खपवतात, आणि तू एका सीनपायी सगळी मालिका दुसऱ्याला देऊन टाकतेस? तू म्हणालीस, ती त्याच्या पाया पडते ना ग, त्यावर माज नाव? मी म्हटलं, कोण बघतंय शेवटचा भाग? तू म्हणालीस, मी पाहाते. मी म्हटलं, हा स्वाभिमान नाही, हट्ट आहे, म्हातारपणाचा हट्ट. मग तू उठलीस, दार उघडलंस आणि म्हणालीस, “पुन्हा ह्याच नाव काढलीस तर तुज तोंड पाहायाची नाही मी.” मी चपला हातात घेऊनच जिना उतरले.

आठवड्याभराने तुझा फोन आला. सांगलीहून मेतकूट आल का? आलं होतं. आणते म्हटलं. तू हो म्हणालीस. त्या गोष्टीचं नाव तूही काढलं नाहीस आणि मीही नाही. मग तुला दवाखान्यात नेल्याचं कळलं, मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. मेतकुटाचं पाकीट माझ्याकडेच राहिलं. मीच खाते आहे, रागारागाने.

तर जाहिरातीबद्दल तुझ्या भाच्याला जाब विचारायला मी मग अण्णा नगरला गेले. रघुदादा दारातच म्हणाला, वैशाली, त्या दिवशी पान अर्धं टाकून गेलीस. मी म्हटलं, आधी हे सांगा, सिनेमा-टीव्हीचं नाव घ्यायला तुमच्या घराण्याला अजून लाज वाटते का? त्याने मला बसवलं, पाणी दिलं. तोही तुझ्यासारखाच, अर्धं तमिळ, अर्धं मराठी बोलतो.

“ती जाहिरात मी लिहिली नाही ग,” तो म्हणाला. “अत्यानेच सांगून ठेवलती. शब्द तिचेच.”

मी म्हटलं, का?

त्याने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “मी म्हटलो, अत्या, डायरेक्टर म्हणून घालूया. ती म्हणाली, नको. लोक ॲपमधी पाहतील. तिकड शेखरच नाव असल. मग म्हणतील, म्हातारीने मरताना खोट लिहवून घेतल.”

अक्का, मी तिथे त्या सोफ्यावर हमसून हमसून रडले. इतके दिवस रडले नव्हते, रागच येत होता. तू माझ्यासमोर हसली होतीस. शेखरच नशीब म्हणाली होतीस. मला वाटलं, या बाईला काही वाटतच नाही, सगळ्याच्या पलीकडे गेली आहे ही. आणि तू घरी बसून त्याचा विचार करत होतीस. आपलीच मालिका आपली म्हटली तर खोटी ठरेन, याची तुला भीती वाटत होती. मला का नाही सांगितलंस? भाच्याला सांगितलंस, ज्याने तुझे चार भाग धड पाहिले नसतील, आणि मला दार उघडून दाखवलंस. हे मी तुला कधी माफ करेन असं वाटत नाही.

डोळे पुसून मी रघुदादाला म्हटलं, चॅनलला घरच्यांची संमती पाहिजे, एक मेल करा. तो घाबरला. म्हणाला, “आणि तो कडेचा भाग, पाया पडायाचा? त्यावर नको म्हणून ती वेगळ सांगितलती.”

“तो माझ्यावर सोडा,” मी म्हटलं.

तो लॅपटॉप आणायला आत गेला.

मालिकेचं जुनं सगळं शूटिंग आमच्या ऑफिसच्या कपाटात आहे, टाकून द्यायचा कंटाळा केला म्हणून राहिलेलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी शेवटचा भाग उघडला. नवरा परत येतो तिथून पुढचं सगळं काढलं. पाया पडणं काढलं, फोटो काढला, शेखरचा तो अर्धा दिवस पुरता काढून टाकला. आणि तुझी अलमेलू लावली. ती खोलीत येते, चूल पेटवते, डबऱ्यातून पेल्यात ओतते, खिडकीपाशी बसते. मग नवं टायटल केलं, ‘दिग्दर्शन : अंबुजा बाई’, तमिळमध्ये, आणि सगळ्या भागांबरोबर चॅनलला पाठवून दिलं. विचारलं कुणालाच नाही.

त्यांनी ते ॲपवर चढवून बरेच दिवस झाले. चॅनलमधून एक शब्द नाही. एवढ्या मोठ्या ऑफिसात एकाही माणसाने तो भाग उघडून पाहिलेला नाही. यांच्यासाठी तू नाव काढून घेतलंस, यांच्यासाठी आपण भांडलो. नवरा परत आला काय, न आला काय, त्यांना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

फोन आला तो एकट्या शेखरचा. माझं नाव कुठे गेलं, असं त्याने तमिळमध्ये विचारलं. आता तमिळ येतं मला. मी म्हटलं, तुझा सीन गेला तिथे तुझं नावही गेलं. भांडायचं असेल तर ये, मी तयार आहे. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, “कॉफीचा शॉट लावलास?”

“हो.”

“पूर्ण?”

मी उत्तर न देता फोन ठेवला. तुला मात्र उत्तर देते. त्या दुपारी मी तो शॉट पुन्हा पुन्हा पाहिला. मला अजूनही तो लांब वाटतो. निम्म्यावर कापला तर उत्तम बसतो, मी कापून बघितला, आणि अडवायला मागे कुणी बसलेलं नव्हतं. तरी पुन्हा जोडला. अलमेलू शेवटचा घोट पिऊन पेला खाली ठेवते, तिथपर्यंत ठेवला आहे. खाली नाव तुझं आहे, अक्का, कंटाळून लोकांनी शिव्या घातल्या तर तुला घालतील.